दीड सेकंदाचा खेळ

11 ऑगस्ट 2012. लंडन ऑलिंपिकचा शेवटून दुसरा दिवस. वास्तुकार झाहा हदीद यांनी आखलेल्या ॲक्वाटिक्स सेंटरमध्ये पुरुषांच्या 10 मीटर प्लॅटफॉर्म डायव्हिंगची अंतिम फेरी सुरू होती. साडेसतरा हजार आसनांच्या त्या इमारतीत बहुतेकांचे डोळे एका अठरा वर्षांच्या मुलावर लागले होते. टॉम डेली हे त्याचे नाव, प्लिमथ हे त्याचे गाव. पहिल्याच उडीच्या वेळी प्रेक्षकांतून कॅमेऱ्यांचे एवढे फ्लॅश चमकले की हवेत गिरकी घेताना त्याचे पाण्यावरचे लक्ष उडाले. त्याच्या बाजूने तक्रार झाली, पंचांनी ती मान्य केली आणि डेलीला ती उडी पुन्हा मारू दिली. सहा उड्यांनंतर तो तिसरा आला. सुवर्ण गेले अमेरिकेच्या डेव्हिड बुडायाकडे आणि चीनचा चिउ बो फक्त 1.80 गुणांनी मागे राहिला. कांस्यपदक मिळाले म्हणून ब्रिटिश संघातल्या मुलांनी डेलीसह पाण्यात उड्या टाकल्या. त्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला डायव्हिंगमध्ये मिळालेले ते एकमेव पदक होते.

त्या संध्याकाळी पदकमंचावर उभ्या असलेल्या तिघांपैकी दोघे पुढच्या सात-आठ महिन्यांत एकाच गेम शोच्या दोन देशांतल्या दोन आवृत्त्यांमध्ये दिसणार होते. डेली ब्रिटनमध्ये शिक्षक म्हणून, बुडाया अमेरिकेत परीक्षक म्हणून. शोचे नाव होते 'स्प्लॅश'. नटनट्या, विनोदवीर, निवृत्त खेळाडू, मॉडेल अशा नावाजलेल्या माणसांना काही आठवडे डायव्हिंग शिकवायचे, मग पोहण्याच्या पोशाखात उंच प्लॅटफॉर्मवर उभे करायचे आणि लाखो लोकांसमोर खाली सूर मारायला लावायचे, एवढीच त्याची कल्पना. 2013 या एका वर्षात तो आणि त्याच्यासारखे इतर कार्यक्रम युरोप, अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना असे जगभर पसरले. दोन-तीन वर्षांत त्यांतले जवळपास सगळे संपलेही होते. टीव्हीच्या इतिहासात इतक्या वेगाने चढलेली आणि इतक्या वेगाने ओसरलेली लाट क्वचित सापडते.

टीव्ही आणि पाणी यांचे नाते तसे जुने. युरोपातल्या गावागावांना आपसांत झुंजवणारा 'ज्यू सां फ्रोंतिएर' 1965 मध्ये सुरू झाला आणि निसरड्या फळ्यांवरून पाण्यात पडणारी माणसे हे त्याचे हमखास दृश्य बनले. जपानमध्ये 1986 ते 1990 या काळात 'ताकेशीज कॅसल' चालला. आपल्याकडच्या एका पिढीला तो पोगो वाहिनीमुळे आणि जावेद जाफरीच्या हिंदी समालोचनामुळे पाठ आहे. डबक्यातल्या दगडांवरून पळत जाताना कुठला दगड खरा आणि कुठला तरंगता, हे ओळखण्याचा तो खेळ आठवून आजही चाळिशीतली माणसे खुलतात. 2008 मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीने 'वाइपआउट' आणला. पाण्यावर टांगलेले मोठाले लाल चेंडू, त्यांवरून उड्या मारत जाणारे स्पर्धक आणि शेवटी धपकन पाणी. त्याचीच भारतीय आवृत्ती म्हणजे 2011 च्या फेब्रुवारीत इमॅजिन वाहिनीवर आलेला 'जोर का झटका'. सूत्रधार शाहरुख खान, स्पर्धक आपल्याकडचे टीव्ही कलाकार आणि चित्रीकरण थेट अर्जेंटिनात, कारण वाइपआउटचा तयार अडथळा-मार्ग तिथे उभा होता आणि अनेक देशांच्या आवृत्त्या तिथेच चित्रित होत असत. कुशल पंजाबी जिंकला. कार्यक्रम पुढे टिकला नाही आणि पुढच्याच वर्षी ती वाहिनीही बंद झाली.

या सगळ्या कार्यक्रमांत पाण्याचे काम गादीचे होते. पडलास तरी लागणार नाही, ही हमी पाणी देत असे, म्हणून पडणाऱ्याला हसता येई. 'स्प्लॅश'मध्ये मात्र पाणी हाच प्रतिस्पर्धी होता. 3 मीटरच्या स्प्रिंगबोर्डवरून पडणारा माणूस ताशी 28 किलोमीटरच्या आसपास वेगाने पाण्याला भिडतो. 5 मीटरवरून हा वेग 36 किलोमीटर होतो आणि 10 मीटरवरून पन्नास. या वेगाला पाणी मऊ राहत नाही. हात एकमेकांत गुंफून, तळवे सपाट ठेवून, शरीर सरळ रेषेत नेले तर पाण्यात भोक पडते आणि माणूस त्यातून आत जातो. शरीर थोडे जरी तिरपे झाले तर पोट, छाती, मांड्या किंवा चेहरा फटका खातो. गावाकडे विहिरीत मुटका मारणाऱ्या पोरांना हे कुणी शिकवावे लागत नाही. मुटका बसला तर पाणी उडते, चुकला तर पाठ लाल होते. त्या पोरांचा कठडा फार उंच नसतो. इथे चाळिशी-पन्नाशीतली, काही तर साठी ओलांडलेली माणसे दुमजली-तिमजली उंचीवरून उड्या मारणार होती.

मूळ कल्पना जर्मनीतली. श्टेफान राब हा तिथला गाजलेला टीव्ही सूत्रधार. चिनी कढईत बसून बर्फाच्या घसरगुंडीवरून शर्यत लावण्यासारखे वेडे खेळ तो टीव्हीवर करीत असे. 2004 च्या डिसेंबरात प्रोझिबेन वाहिनीवर त्याने प्रसिद्ध माणसांची डायव्हिंग स्पर्धा भरवली. वर्षातून एकदा होणारी ही स्पर्धा जर्मनांना आवडली आणि दहाएक वर्षे चालली. वर्षातून एक रात्र, भरलेले प्रेक्षागृह, मग पुढच्या वर्षापर्यंत सुट्टी, एवढाच तिचा पसारा होता. माझ्या मते तिच्या दीर्घायुष्याचे कारणही हेच. तिला दर शनिवारी उभे राहावे लागत नव्हते.

दर शनिवारी उभे राहण्याचे रूप दिले डच लोकांनी. 2012 च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समधल्या एसबीएस6 वाहिनीवर तारेतारकांच्या शनिवारच्या उड्यांचा कार्यक्रम सुरू झाला. तो आयवर्क्स या कंपनीचा होता. नेदरलँड्स हा देश लहान, पण टीव्ही कार्यक्रमांचे आराखडे जगाला विकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. 'बिग ब्रदर' तिथूनच निघाला, 'द व्हॉइस'ही तिथलाच. डच प्रेक्षकांनी कार्यक्रम उचलून धरला, लंडन ऑलिंपिकची आठवण ताजी होती आणि आयवर्क्सने 'सेलिब्रिटी स्प्लॅश' या नावाने आराखडा बाजारात आणला. विकत घेणाऱ्याला सगळे तयार मिळत होते: परीक्षक किती, गुण कसे द्यायचे, प्रेक्षकांची फोनवरची मते कशी मोजायची, शेवटच्या दोघांना पुन्हा उडी कशी मारायला लावायची. वाहिनीने फक्त तलाव शोधायचा, एखादा नामांकित डायव्हर गाठायचा आणि आपल्या देशातली प्रसिद्ध माणसे जमवायची.

वाहिन्या इतक्या आतुर का होत्या, याचे उत्तर नाचात आहे. बीबीसीने 2004 मध्ये 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' आणला. प्रसिद्ध माणसाला न येणारी गोष्ट शिकवायची, त्याची धडपड दाखवायची, परीक्षकांनी गुण द्यायचे, लोकांनी मते द्यायची. हा साचा जगभर चालला. आपल्याकडे 2006 मध्ये आलेला 'झलक दिखला जा' ही त्याचीच भारतीय आवृत्ती. ब्रिटनमध्ये बीबीसीशी टक्कर देणाऱ्या आयटीव्ही वाहिनीने त्याच वर्षी नाच बर्फावर नेला आणि 'डान्सिंग ऑन आइस' हिवाळ्यातले हुकमी पान ठरले. जमीन झाली, बर्फ झाला, आता पाणी उरले होते. त्यात लंडन ऑलिंपिकने डायव्हिंगला असा चेहरा दिला होता, जो खेळाशी संबंध नसलेल्या घरांतही ओळखला जात होता.

डेली तसा लहानपणापासूनच लोकांसमोर होता. चौदाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिक, पंधराव्या वर्षी रोममध्ये जगज्जेतेपद. भारतातल्या रसिकांनी त्याला 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत पाहिले. दोन सुवर्णपदके घेऊन तो परतला तेव्हा सोळा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी मेंदूच्या कर्करोगाने त्याचे वडील गेले. वडील त्याच्या प्रत्येक स्पर्धेला हजर असत आणि त्यांच्या निधनाची बातमी ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचली होती. लंडनच्या पदकामागे हे सगळे होते. आयटीव्हीसाठी कार्यक्रम बनवणारी टूफोर ही कंपनी मूळची प्लिमथचीच. डेलीच्या होकारावर कार्यक्रमाची अर्धी किंमत ठरत होती आणि तो हो म्हणाला.

5 जानेवारी 2013, शनिवारची संध्याकाळ. लंडनच्या उत्तरेला ल्यूटन या शहरात नुकतेच उघडलेले क्रीडासंकुल. तलावाभोवती प्रेक्षकांची गॅलरी, रंगीत दिवे, पाण्यावर नाचणारे प्रकाशझोत. सूत्रधार गॅबी लोगन आणि व्हर्नन के. परीक्षकांच्या टेबलावर विनोदी कलाकार जो ब्रँड, 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमधला रौप्यविजेता डायव्हर लिऑन टेलर आणि अँडी बँक्स, म्हणजे डेलीचे स्वतःचे प्रशिक्षक. या परीक्षकमंडळातच कार्यक्रमाची दुविधा दिसत होती. दोघे जण उडीचा कोन, गुडघ्यांची मिठी, पायांची बोटे पाहत होते आणि तिसरी व्यक्ती लोकांना हसवण्यासाठी होती. त्या हंगामात विनोदवीर ओमिद जलिली आणि डॉम जॉली होते, घरसजावटीच्या कार्यक्रमांतली लिंडा बार्कर होती, 'बेनिडॉर्म' मालिकेतला जेक कनूसो होता. आणि होता एडी एडवर्ड्‌स, ज्याला सगळा ब्रिटन 'एडी द ईगल' म्हणून ओळखतो.

पहिल्या भागाला पन्नास लाखांहून अधिक प्रेक्षक मिळाले. आयटीव्हीला हे पुरेसे होते. समीक्षकांनी मात्र सोलून काढले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत कौतुकाचा शब्द शोधावा लागत होता. त्यांची टीका चढ्या आवाजाची असली तरी तिच्या मुळाशी एक खरी अडचण होती. 10 मीटरवरून पडायला माणसाला दीड सेकंदही पुरतो. 3 मीटरवरून तर त्याहून कमी. नाचाच्या कार्यक्रमात कलाकार दीड-दोन मिनिटे डोळ्यांसमोर असतो. त्याने कुठे चूक केली, कुठे सावरले, हे प्रेक्षक पाहू शकतो. इथे स्पर्धक पाच जण, कार्यक्रम तासाच्या वर, आणि प्रत्यक्ष उड्यांचा सगळा वेळ मिळून दहा सेकंदांचा. उरलेला वेळ भरायचा कशाने? सरावाच्या फिती, भीतीची कबुली, शिडी चढतानाचा चेहरा, उडीची संथ गतीतली पुनरावृत्ती, परीक्षकांचे शेरे, जाहिराती. संथ गतीतली दृश्ये सुंदर होती यात शंका नाही. पाण्याखालच्या कॅमेऱ्यात बुडबुड्यांच्या ढगातून बाहेर येणारा घाबरलेला आणि मग हसणारा चेहरा हे टीव्हीने दिलेले चांगले चित्र होते. पण चौथ्या-पाचव्या वेळी तेच चित्र पाहताना त्याची धार जाते.

डायव्हिंगच्या अवघडपणाचा अंदाज मात्र ल्यूटनमुळे लाखो लोकांना पहिल्यांदा आला, हे मान्य करायला हवे. ऑलिंपिकमध्ये डेली किंवा बुडाया उडी मारतो तेव्हा पाणी जेमतेम हलते, आणि ते इतके सहज दिसते की त्यातले कष्ट दिसत नाहीत. सामान्य माणूस त्याच जागी उभा राहिला की सगळे उघडे पडते. प्लॅटफॉर्मच्या टोकाशी आल्यावर गुडघे लटपटतात, डोके मागे राहते, पाय आधी जातात. सरावी डायव्हरला पाण्याचा पृष्ठभाग दिसावा म्हणून स्पर्धेत त्यावर पाण्याचे फवारे सोडतात आणि शिकाऊ डायव्हरला मार कमी बसावा म्हणून सरावात तळातून हवेचे बुडबुडे सोडतात. असे तपशील या कार्यक्रमांमुळे घराघरांत बोलले जाऊ लागले.

2 फेब्रुवारी 2013 ला पहिल्या हंगामाची अंतिम फेरी झाली आणि एडी एडवर्ड्‌स जिंकला. त्याच्या आयुष्याकडे पाहिले की या विजयाचे मोल कळते. चेल्टनहॅमचा हा गवंडीकाम करणारा, भिंतींना गिलावा देणारा मुलगा 1988 च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की जंपिंगसाठी गेला. पाठीशी पैसा नाही, संघ नाही, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. दोन्ही प्रकारांत तो शेवटचा आला आणि तरीही त्या ऑलिंपिकमधला सगळ्यांत लाडका खेळाडू ठरला. पुढे ऑलिंपिकच्या पात्रतेचे निकष एवढे कडक झाले की त्या नियमाला लोक त्याच्याच नावाने ओळखू लागले. एकोणपन्नासाव्या वर्षी हा माणूस पुन्हा उंच जागेवरून उडी मारायला उभा राहिला आणि या वेळी पहिला आला. उंचीची भीती गिळून उडी टाकणे हे त्याने तरुणपणी स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतले होते. बाकीच्यांत आणि त्याच्यात हाच फरक पडला असावा.

तोवर वादाला तोंड फुटले होते. ब्रिटिश स्विमिंग या राष्ट्रीय संघटनेचे मुख्य अधिकारी डेव्हिड स्पार्क्स यांनी जानेवारीतच जाहीरपणे चिंता व्यक्त केली. डेलीने टीव्हीचा वेळ आणि सरावाचा वेळ यांचा तोल सांभाळायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर डेलीच्या आईने, डेबी डेली यांनी, ट्विटरवर खुले पत्र टाकून मुलाची बाजू मांडली. संघटनेची बाजू अगदी निराधार नव्हती. ब्रिटनमध्ये खेळाडूंना सरकार आणि लॉटरीचा पैसा मिळतो आणि तो पुढच्या पदकाच्या आशेवर मिळतो. ऑलिंपिकनंतरचा हिवाळा खेळाडू विश्रांतीत घालवत असला तरी नव्या, अवघड उड्यांची बांधणी त्याच काळात करावी लागते. त्यातच प्रशिक्षक बँक्सही परीक्षकाच्या खुर्चीत बसलेले. पण डायव्हिंगसारख्या खेळात पैसा किती आणि किती काळ मिळतो, हे पाहिले की अठरा वर्षांच्या मुलाने, ज्याचे वडील नुकतेच गेले आहेत, टीव्हीचे काम घेतले तर त्याला दोष देणे मला पटत नाही.

ब्रिटनमध्ये हा वाद रंगत असताना लाट पुढे सरकली होती. अमेरिकेत फॉक्स वाहिनीने जानेवारीतच राबच्या जर्मन स्पर्धेवरून बेतलेला दोन तासांचा कार्यक्रम दाखवून घेतला. फ्रान्समध्ये टीएफ1 ने फेब्रुवारीत 'स्प्लॅश' सुरू केला. स्पेनमध्ये तर मार्चच्या सुरुवातीला अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दोन प्रतिस्पर्धी वाहिन्यांवर डायव्हिंगचे दोन वेगळे कार्यक्रम आले. अँतेना 3 ने आयवर्क्सचा आराखडा घेतला होता, तेलेसिंकोने दुसऱ्यांचा. त्या वसंतात इटलीत कनाले 5 वर तारेतारका उड्या मारू लागल्या. एप्रिलच्या अखेरीस ऑस्ट्रेलिया आणि उन्हाळ्यात जर्मनीची आरटीएल वाहिनी. अर्जेंटिना, पोर्तुगाल, लेबनॉन यांच्याही आवृत्त्या त्याच वर्षातल्या.

यांत सगळ्यांत मोठा पैसा आणि सगळ्यांत मोठी नावे होती ती अमेरिकेच्या एबीसीच्या 'स्प्लॅश'मध्ये. 19 मार्च 2013 ला कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथल्या तलावातून तो सुरू झाला. शिक्षक होते ग्रेग लुगानिस. 1984 आणि 1988 अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म ही दोन्ही सुवर्णपदके त्यांनी जिंकली होती. 1988 च्या सोलमध्ये प्राथमिक फेरीत त्यांचे डोके स्प्रिंगबोर्डवर आपटले, टाके पडले, तरी ते पुन्हा उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी सुवर्ण घेऊन गेले. पाण्याचा आणि फळीचा मार काय असतो हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? परीक्षक होते लंडनचा सुवर्णविजेता बुडाया आणि डायव्हिंगमधले जाणते स्टीव्ह फोली. स्पर्धकांत बास्केटबॉलचा महान खेळाडू करीम अब्दुल-जब्बार होता, साठी ओलांडलेला, सात फुटांहून उंच. अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू एन्डामुकन सू होता, अभिनेत्री निकोल एगर्ट होती आणि विनोदवीर लुई अँडरसन होता.

अँडरसनचे वजन चारशे पौंडांच्या वर, म्हणजे एकशे ऐंशी किलोंहून जास्त होते. सरावात तो पाण्यात उतरला आणि त्याला तलावाबाहेर येता येईना. शिडीवर स्वतःचे वजन ओढून घेण्याची ताकद उरली नव्हती आणि धाप लागली होती. सूने त्याला आधार देऊन वर घेतले. सूने आपला जीव वाचवला, असे अँडरसनने नंतर सांगितले. हा प्रसंग पहिल्याच भागात दाखवला गेला. लाजून दडवावा असा क्षण त्याने सगळ्या देशासमोर उघडा ठेवला आणि मग उडी मारली, तेव्हा प्रेक्षक उभे राहिले. या कार्यक्रमाच्या सगळ्या देशांतल्या सगळ्या आवृत्त्यांत ज्या थोड्या गोष्टी खऱ्या अर्थाने मनाला भिडतात, त्यांत मी ही धरतो. तिथे पाण्याशी झगडणाऱ्या माणसाला चांगला दिसण्याची फुरसत नव्हती.

पण त्याच तलावात दुखापतींची रांग लागली. बुटका विनोदी कलाकार चुई ब्राव्हो टाचेच्या दुखापतीमुळे बाहेर पडला, मॉडेल कॅथरीन वेब पाठीच्या दुखण्याने. एगर्ट पाठीवर आपटली आणि तिला वैद्यकीय उपचार घ्यावे लागले. रोरी बुशफिल्डच्या कानाचा पडदा सरावातच फाटला. बुशफिल्ड कॅनडाचा स्कीपटू. त्याची पत्नी सारा बर्क ही फ्रीस्टाइल स्कीइंगमधली अग्रगण्य खेळाडू. जानेवारी 2012 मध्ये सरावात झालेल्या अपघातानंतर ती गेली होती. फाटलेल्या पडद्यानिशी तो पाण्यात उतरत राहिला आणि मेमध्ये स्पर्धा जिंकला.

प्रेक्षक मात्र तोवर निघून गेले होते. पहिल्या रात्री साधारण 88 लाख लोकांनी पाहिलेला कार्यक्रम आठवड्यागणिक उतरत गेला. अंतिम भागानंतर काही दिवसांतच एबीसीने तो बंद केल्याचे जाहीर केले. अमेरिकन टीव्हीच्या मोजमापात एकच हंगाम, आठ आठवड्यांच्या आत.

चीनमधली गोष्ट वेगळ्या आणि दुःखद वळणाने गेली. डायव्हिंगमध्ये चीन जगाचा सम्राट. त्यामुळे तिथल्या वाहिन्यांना हा खेळ लोकांना समजावून सांगावा लागत नव्हता. 2013 च्या एप्रिलमध्ये तिथे एकाच वेळी दोन कार्यक्रम सुरू झाले. ज्यांग्सू वाहिनीने आपला कार्यक्रम बीजिंगच्या 'वॉटर क्यूब'मध्ये, 2008 च्या ऑलिंपिक तलावातच नेला. चेच्यांग वाहिनीने आयवर्क्सचा आराखडा घेतला. दोन्हींचे प्रेक्षक एकच, त्यामुळे चढाओढ तीव्र. त्याच महिन्यात चेच्यांग वाहिनीच्या कार्यक्रमाच्या सराव तलावात एका सहभागी अभिनेत्याचा तरुण मदतनीस बुडून मेला. तो स्पर्धक नव्हता आणि त्याच्यावर कॅमेराही नव्हता. तारकांभोवती प्रशिक्षक, जीवरक्षक, डॉक्टर यांचे कडे होते. त्यांच्या पिशव्या सांभाळणाऱ्याकडे कुणाचे लक्ष होते? चीनमध्ये या मृत्यूवर मोठी चर्चा झाली आणि सुरक्षेवरून वाहिन्यांवर टीका झाली. या लाटेचा इतिहास सांगताना एडीचा विजय आणि डेलीचा वाद सगळे सांगतात, या मुलाचा उल्लेख बहुधा राहून जातो. तो राहू नये.

ब्रिटनमध्ये कार्यक्रमाला दुसरी संधी मिळाली. मधल्या काळात डेलीच्या आयुष्यात बरेच घडले. बार्सिलोनाच्या जागतिक स्पर्धेत दंडाच्या दुखापतीसह तो सहावा आला. डिसेंबरात एका व्हिडिओतून आपण एका पुरुषाच्या प्रेमात असल्याचे त्याने जगाला सांगितले. प्रशिक्षक बँक्स ऑस्ट्रेलियाला निघाले आणि डेली प्लिमथ सोडून लंडनला, जेन फिगेरेदो यांच्या हाताखाली गेला. 4 जानेवारी 2014 ला दुसरा हंगाम सुरू झाला तेव्हा प्रेक्षक आधीच्या वर्षापेक्षा कमी होते. नाविन्य संपले होते आणि उडी तर तीच होती, दीड सेकंदाची. 'डायव्हर्सिटी' या नृत्यगटातला पेरी काइली जिंकला आणि तिसरा हंगाम होणार नसल्याचे आयटीव्हीने कळवले. फेब्रुवारीत ब्रिटिश डायव्हिंगचे प्रमुख अलेक्सेई एव्हान्गुलोव्ह यांनी डेलीची तुलना टेनिसपटू ॲना कुर्निकोव्हाशी केली. प्रसिद्धी मोठी, जेतेपदे थोडी, असा त्याचा अर्थ होता.

कल्पना मात्र लगेच मेली नाही, ती दुसरीकडे वळली. टूफोर कंपनीने 2014 च्या जानेवारीत चॅनल 4 साठी 'द जंप' काढला, ज्यात प्रसिद्ध माणसे बर्फावरच्या जोखमीच्या खेळांत उतरत. 2016 मध्ये त्यात ऑलिंपिक जिम्नॅस्ट बेथ ट्वेडल हिच्या मानेचे हाड मोडले आणि 2017 नंतर तोही बंद झाला. बीबीसीने जिम्नॅस्टिक्सचा 'टम्बल' 2014 मध्ये एकच हंगाम चालवला. आयवर्क्सचा अमेरिकेबाहेरचा व्यवसाय त्याच वर्षी वॉर्नर ब्रदर्सने विकत घेतला. पोलंडमध्ये पोलसात वाहिनीने 2015 मध्ये 'स्प्लॅश' आणला तोवर पश्चिमेत त्याचे नाव कुणी घेत नव्हते. भारतातल्या टीव्हीपर्यंत ही लाट आलीच नाही.

'स्प्लॅश' बुडाला तो मुख्यतः वेळेच्या गणितामुळे. डायव्हिंगचा थरार एका क्षणाचा आहे आणि तो क्षण दर शनिवारी ताणून तासभर पुरवता येत नाही. राबने तो वर्षातून एकदा वापरला म्हणून त्याचा टिकला. आयवर्क्सच्या ग्राहकांनी तो एकाच वर्षात सगळ्या देशांत, काही देशांत तर दोन-दोन वाहिन्यांवर खर्च केला. त्यात भर पडली ती दुखापतींची. नाच चुकला तर माणूस खजील होतो, उडी चुकली तर इस्पितळात जातो. हसत पाहण्याच्या कार्यक्रमाला हा भार पेलणे कठीण होते.

आणि डेली? टीव्हीमुळे हा मुलगा खेळातून जाईल, हा 2013 आणि 2014 मधला अंदाज साफ चुकला. 2014 मध्ये ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 10 मीटर प्लॅटफॉर्मचे सुवर्ण जिंकले. 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये जोडीच्या उडीत कांस्य मिळवले आणि 2017 मध्ये बुडापेस्टला तो पुन्हा जगज्जेता झाला. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मॅटी लीच्या जोडीने त्याला पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळाले आणि वैयक्तिक प्रकारात आणखी एक कांस्य. 2024 मध्ये पॅरिसला, पाचव्या ऑलिंपिकमध्ये, नोआ विल्यम्सच्या साथीने रौप्य घेऊन तो निवृत्त झाला. पाच ऑलिंपिक पदके, त्यांतली चार 'स्प्लॅश'नंतरची.